प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याद्वारे भूजल पुनर्भरण

प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याद्वारे भूजल पुनर्भरण म्हणजे शहरांतील सांडपाणी आवश्यक त्या मर्यादेपर्यंत शुद्ध करून ते नियोजनपूर्वक जमिनीखालील जलधरात मुरवणे किंवा विहिरींवाटे थेट सोडणे होय. असे पाणी जमिनीतील मूळच्या पाण्यात मिसळते, काही महिने अथवा वर्षे तेथे राहते आणि नंतर विहिरींतून किंवा कूपनलिकांतून पिण्यासाठी, शेतीसाठी वा उद्योगांसाठी उपसले जाते. पावसाचे पाणी अडवून जिरवण्याच्या परिचित पद्धतीशी या पद्धतीचे तत्त्व जुळते. फरक आहे तो पाण्याच्या उगमाचा. पाऊस हंगामी असतो, तर सांडपाणी बाराही महिने आणि दुष्काळातही उपलब्ध असते. मात्र पावसाच्या पाण्यात सहसा न आढळणारे रोगजंतू, क्षार, नायट्रेट आणि कृत्रिम रसायने सांडपाण्यात असतात. त्यामुळे पाणी जमिनीत घालण्यापूर्वी ते किती शुद्ध करावे आणि ज्या जमिनीत ते जाणार ती कोणत्या प्रकारची आहे, हे दोन प्रश्न या पद्धतीत सर्वांत महत्त्वाचे ठरतात.

== पार्श्वभूमी ==

ज्या खडकाच्या अथवा गाळाच्या थरात पाणी साठते आणि ज्यातून ते उपसता येते, त्या थरास जलधर म्हणतात. पावसाचे, नद्यांचे आणि कालव्यांचे पाणी झिरपून जलधर भरत असतो. उपसा या भरण्यापेक्षा अधिक झाला की पाण्याची पातळी खाली जाते, विहिरी आटतात आणि कूपनलिका अधिकाधिक खोल न्याव्या लागतात. समुद्रकिनाऱ्यालगत याचा आणखी एक परिणाम होतो. गोड्या पाण्याचा दाब कमी झाल्याने समुद्राचे खारे पाणी जमिनीखालून आत सरकते आणि विहिरी खाऱ्या होतात.

भूजलाचा सर्वाधिक वापर करणारा देश भारत आहे. देशातील वार्षिक उपसा सुमारे २४० अब्ज घनमीटर असून त्यातील बहुतांश पाणी सिंचनाकडे जाते. याच देशातील शहरांमध्ये, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार, दररोज ७२,३६८ दशलक्ष लीटर सांडपाणी निर्माण होत होते. त्यांपैकी प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती ती २०,२३६ दशलक्ष लीटरवर, म्हणजे सुमारे २८ टक्क्यांवर. उरलेले पाणी नद्या, नाले, तलाव आणि मोकळ्या जमिनीत जात होते. एकीकडे रिकामे होत जाणारे जलधर आणि दुसरीकडे वाया जाणारे, शिवाय इतर जलस्रोत बिघडवणारे सांडपाणी, या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की या विषयाचे महत्त्व लक्षात येते.

== नियोजित आणि अनियोजित पुनर्भरण ==

सांडपाण्याने भूजल भरण्याची क्रिया अनेक ठिकाणी कोणीही न ठरवता चालू असते. गळक्या गटारांतून, सेप्टिक टाक्यांतून, सांडपाण्यावर भिजवलेल्या शेतांतून आणि सांडपाणी वाहून नेणाऱ्या नद्यांच्या पात्रांतून पाणी झिरपून जलधरात जाते. यास अनियोजित पुनर्भरण म्हणतात. मेक्सिको देशातील मेस्कीताल खोरे हे त्याचे ठळक उदाहरण आहे. मेक्सिको सिटी या राजधानीचे सांडपाणी शतकाहून अधिक काळ या खोऱ्यातील शेतीला दिले गेले. त्यामुळे तेथील भूजल पातळी इतकी वाढली की पूर्वी नसलेले झरे वाहू लागले आणि लोक ते पाणी वापरू लागले.

नियोजित पुनर्भरणात पाण्याचा दर्जा आधीच ठरवलेला असतो. पाणी कोठे मुरवायचे, ते किती काळाने कोणत्या विहिरीपर्यंत पोहोचेल आणि वाटेत त्याची तपासणी कोठे व्हायची, हेही निश्चित केलेले असते. दोन्ही प्रकारांत पाणी जमिनीतच जाते. मात्र पहिल्या प्रकारात आपण काय पीत आहोत याची कल्पना विहिरीच्या मालकास नसते, तर दुसऱ्या प्रकारात त्याची नोंद ठेवणारी यंत्रणा अपेक्षित असते.

== पुनर्भरणाच्या पद्धती ==

=== पाझर खाचरे ===

वाळूच्या किंवा रेताड जमिनीत उथळ, रुंद खाचरे करून त्यांत पाणी सोडले जाते. ते जमिनीच्या वरच्या, पाण्याने पूर्ण न भरलेल्या थरातून हळूहळू खाली उतरते आणि जलधरास मिळते. महाराष्ट्रातील पाझर तलावांचे तत्त्व हेच आहे. खाचरांच्या तळाशी कालांतराने बारीक गाळ आणि शेवाळ साचून छिद्रे बुजतात. म्हणून खाचरे आळीपाळीने भरली व वाळवली जातात आणि वरचा थर वेळोवेळी खरवडून काढला जातो. ही पद्धत तुलनेने स्वस्त आहे. परंतु तिला पुष्कळ मोकळी जागा आणि पाणी मुरू देणारी जमीन लागते.

=== पुनर्भरण विहिरी ===

जलधरावर चिकणमातीचा अभेद्य थर असेल किंवा शहरात खाचरांसाठी जागा नसेल, तर खोल विहिरी खोदून त्यांतून पाणी दाबाने थेट जलधरात सोडले जाते. या पद्धतीत वरच्या मातीतून गाळले जाण्याची पायरी वगळली जाते. त्यामुळे पाणी आधीच अत्यंत शुद्ध असावे लागते. विहिरीची चाळणी आणि भोवतालचा थर बुजू नये, यासाठीही ते निवळ असणे आवश्यक असते.

=== तलाव व नदीपात्रे ===

अस्तित्वात असलेले तलाव, बंधारे किंवा कोरडी नदीपात्रे भरूनही पुनर्भरण केले जाते. येथे नवे बांधकाम कमी लागते. परंतु असे पाणी उघड्यावर राहत असल्याने त्यात शेवाळ व जलपर्णी वाढणे, गुरे उतरणे आणि लोकांनी ते थेट वापरणे या गोष्टींवर नियंत्रण ठेवणे कठीण असते.

== जमिनीद्वारे होणारे शुद्धीकरण ==

वाळूतून झिरपताना पाणी स्वच्छ होते, हा अनुभव जुना आहे. नदीपात्रात झिरा खणून निवळ पाणी घेणे, हा त्याचाच एक वापर होय. सांडपाण्याच्या बाबतीत या गुणाचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात फीनिक्स शहराजवळ १९६७ मध्ये सुरू झालेल्या फ्लशिंग मेडोज प्रकल्पात करण्यात आला. हर्मन बाउवर हे या क्षेत्रातील अग्रगण्य संशोधक होते.

जमिनीत तीन प्रकारच्या क्रिया घडतात. पहिली क्रिया गाळण्याची होय. मातीच्या कणांमधील बारीक पोकळ्यांत तरंगते पदार्थ आणि मोठे जंतू अडकतात. दुसरी क्रिया चिकटण्याची होय. विषाणू, फॉस्फरस आणि काही धातू मातीच्या कणांना चिकटून राहतात. तिसरी क्रिया जैविक होय. मातीतील जिवाणू सेंद्रिय द्रव्ये खाऊन त्यांचे विघटन करतात. खाचर कोरडे असताना हवा आत शिरते आणि अमोनियाचे नायट्रेट होते. खाचर भरलेले असताना हवेअभावी दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा वायुरूप नायट्रोजन करतात. म्हणून खाचरे भरण्या-वाळवण्याचे वेळापत्रक नायट्रोजन घालवण्यासाठीही उपयोगी पडते.

या शुद्धीकरणाला मर्यादा आहेत. पाण्यात विरघळलेले मीठ माती अडवत नाही. हवेशीर जमिनीत नायट्रेट तसेच खाली जाते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण लीटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, कारण त्याहून अधिक प्रमाण तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटवू शकते. अपस्मारावरील कार्बमाझेपिनसारखी काही औषधे आणि काही औद्योगिक रसायने मातीतून बऱ्याच अंशी न बदलता पार होतात. सारांश, जमीन ही चांगली गाळणी असली तरी ती सर्व काही गाळणारी नाही. जे ती अडवू शकत नाही, ते पाणी जमिनीत जाण्यापूर्वीच काढावे लागते.

== शुद्धीकरणाचे टप्पे ==

शहरी सांडपाण्यावरील प्रक्रियेचे ढोबळमानाने तीन टप्पे मानले जातात. प्राथमिक टप्प्यात जाळ्या व निवळण टाक्यांमधून कचरा, रेती आणि तळाशी बसणारे पदार्थ वेगळे केले जातात. द्वितीय टप्प्यात हवा देऊन वाढवलेले जिवाणू विरघळलेली सेंद्रिय द्रव्ये खाऊन टाकतात. बहुतेक मैलापाणी प्रक्रिया केंद्रांचे काम येथे संपते. असे पाणी दिसायला बऱ्यापैकी स्वच्छ असते. मात्र त्यात रोगजंतू, क्षार व रसायने शिल्लक असतात. तृतीय टप्प्यात वाळूची गाळणी, तुरटीसारख्या पदार्थाने निवळणे आणि क्लोरीन अथवा अतिनील किरणांनी निर्जंतुकीकरण यांचा समावेश होतो.

पिण्याच्या पाण्याच्या जलधरात विहिरींवाटे पाणी सोडायचे असल्यास यापुढे प्रगत शुद्धीकरण केले जाते. त्यात सामान्यतः अतिसूक्ष्म छिद्रांच्या तंतूंमधून गाळणे, व्युत्क्रम परासरण आणि अतिनील किरणांसह ऑक्सिडीकरण या तीन पायऱ्या असतात. व्युत्क्रम परासरण म्हणजे घरगुती 'आरओ' यंत्रातील क्रियाच होय. दाबाखाली पाणी एका पातळ पटलातून पार केले जाते आणि क्षार, विषाणू व बहुतेक रसायने मागे राहतात.

== ऑरेंज काउंटी येथील प्रकल्प ==

या पद्धतीचा सर्वाधिक अभ्यासला गेलेला प्रकल्प अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ऑरेंज काउंटी येथे आहे. लॉस एंजेलिसच्या आग्नेयेस असलेल्या या किनारी प्रदेशात पाऊस कमी पडतो. तेथील भूजलाच्या व्यवस्थापनासाठी १९३३ मध्ये राज्याच्या कायद्याने ऑरेंज काउंटी वॉटर डिस्ट्रिक्ट ही संस्था स्थापन झाली. वाढत्या उपशामुळे विसाव्या शतकाच्या मध्यास समुद्राचे पाणी जमिनीखालून काही मैल आत शिरले होते.

=== वॉटर फॅक्टरी २१ ===

खाऱ्या पाण्याला अडवण्यासाठी किनाऱ्याला समांतर अशी विहिरींची रांग खोदून त्यांतून गोडे पाणी दाबाने सोडायचे आणि जमिनीखाली पाण्याचीच भिंत उभी करायची, असा उपाय संस्थेने योजला. त्यासाठीचे पाणी फाउंटन व्हॅली येथील 'वॉटर फॅक्टरी २१' या केंद्रात सांडपाण्यापासून तयार केले जाई. १९७६ पासून हे पाणी जलधरात सोडण्यास सुरुवात झाली. केंद्राची क्षमता दिवसाला १.५ कोटी गॅलन, म्हणजे सुमारे ५.७ कोटी लीटर होती. सांडपाणी पिण्याच्या दर्जाचे करण्यासाठी व्युत्क्रम परासरणाचा वापर करणारे हे जगातील पहिले मोठे केंद्र मानले जाते.

इ.स. २००० च्या सुमारास या पाण्यात एनडीएमए हे रसायन आढळले. कर्करोगाशी संबंध असलेल्या या संयुगाचे रेणू इतके लहान असतात की ते परासरण पटलातून काही प्रमाणात पार होतात. १,४-डायॉक्सेन हे द्रावकही असेच निसटून जाते. यावर उपाय म्हणून तीव्र अतिनील किरण आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांची पायरी जोडण्यात आली. सर्वोत्तम समजल्या जाणाऱ्या पटलातूनही काही निसटू शकते आणि ते शोधण्यासाठी सतत तपासणी लागते, हा धडा या घटनेतून मिळाला.

=== भूजल पुनर्भरण प्रणाली ===

जुन्या केंद्राच्या जागी वॉटर डिस्ट्रिक्ट आणि सांडपाण्याची व्यवस्था पाहणारी ऑरेंज काउंटी सॅनिटेशन डिस्ट्रिक्ट या दोन संस्थांनी मिळून नवी प्रणाली उभारली. ती जानेवारी २००८ मध्ये सुरू झाली. आरंभी तिची क्षमता दिवसाला ७ कोटी गॅलन (सुमारे २६.५ कोटी लीटर) होती. २०१५ मध्ये ती १० कोटी गॅलन आणि २०२३ मध्ये १३ कोटी गॅलन (सुमारे ४९ कोटी लीटर) झाली. अखेरची क्षमता सुमारे १० लाख लोकांची गरज भागवण्याइतकी आहे.

द्वितीय टप्प्यापर्यंत प्रक्रिया झालेले पाणी येथे ०.२ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाइतक्या छिद्रांतून गाळले जाते. त्यानंतर परासरण आणि अतिनील किरणांची पायरी येते. परासरणात सुमारे ८५ टक्के पाणी शुद्ध होऊन मिळते. उरलेले क्षारयुक्त पाणी समुद्रात सोडले जाते. शुद्ध पाण्याचा एक भाग किनाऱ्यावरील विहिरींच्या रांगेत जातो. दुसरा भाग सुमारे २१ किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीने ॲनाहाइम येथील पाझर खाचरांत नेला जातो आणि तेथून वाळू-खडीच्या थरांतून जलधरात उतरतो. संस्थेच्या म्हणण्यानुसार या पाण्यासाठी लागणारी ऊर्जा उत्तर कॅलिफोर्नियातून पाणी आणण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे निम्मी आणि समुद्राचे पाणी गोडे करण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे एक तृतीयांश आहे.

=== अतिशुद्ध पाण्याचा प्रश्न ===

परासरणाने क्षार जवळजवळ पूर्णपणे निघून जातात. असे पाणी ज्या वस्तूंना लागेल त्यांतून खनिजे विरघळवून घेते. म्हणून त्यात पुन्हा चुना मिसळावा लागतो. एवढी काळजी घेऊनही, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले की, कॅल्शियम व मॅग्नेशियम कमी असलेल्या या पाण्यामुळे जमिनीतील चिकणमातीच्या कणांना चिकटून असलेले नैसर्गिक आर्सेनिक सुटे होऊ शकते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी संस्थेतील शास्त्रज्ञांसह हा अभ्यास केला होता. पाण्यातील या खनिजांचे प्रमाण वाढवणे हा उपाय त्यांनी सुचवला. पाणी आणि जमीन यांचा परस्परांशी मेळ बसणे हे केवळ शुद्धतेइतकेच महत्त्वाचे आहे, हे यावरून स्पष्ट होते.

=== नदीतून आलेली रसायने ===

याच जलधरात सांता ॲना नदीचे पाणीही मुरवले जाते. या नदीत वरच्या भागातील शहरांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी मिसळते; त्यावर परासरणाची प्रक्रिया झालेली नसते. पीएफएएस या नावाने ओळखली जाणारी, निसर्गात सहसा विघटन न होणारी रसायने मुख्यतः या मार्गाने जलधरात पोहोचली आणि २०२० मध्ये परिसरातील डझनावारी विहिरी बंद करून पुढे त्यांच्यावर शुद्धीकरण यंत्रणा बसवावी लागली. एकाच जलधरात दोन प्रकारचे पाणी मुरत असता, अधिक शुद्ध केलेले सांडपाणी सुरक्षित ठरले आणि 'नदीचे' म्हणून स्वीकारलेले पाणी अडचणीचे ठरले.

== इतर देशांतील प्रकल्प ==

* '''माँटेबेलो फोअरबे, कॅलिफोर्निया''' : लॉस एंजेलिस परिसरात १९६२ पासून प्रक्रिया केलेले सांडपाणी पावसाच्या व बाहेरून आणलेल्या पाण्यात मिसळून खाचरांत मुरवले जाते. पुढे झालेल्या साथरोगविषयक अभ्यासांत या पाण्याचा आरोग्यावर अनिष्ट परिणाम झाल्याचे आढळले नाही.
* '''शाफदान, इस्रायल''' : तेल अवीव महानगराचे सांडपाणी द्वितीय टप्प्यानंतर किनारपट्टीच्या वाळूच्या टेकड्यांत मुरवले जाते. भोवतालच्या विहिरींच्या कड्यातून ते पुन्हा उपसून नेगेव्ह वाळवंटातील शेतीला दिले जाते. येथे जमिनीची गाळणी हाच शुद्धीकरणाचा मुख्य भाग आहे आणि पाण्याचा उपयोग सिंचनापुरता ठेवला आहे.
* '''अटलांटिस, दक्षिण आफ्रिका''' : केपटाउनच्या उत्तरेस असलेल्या या गावात १९७९ पासून पुनर्भरण चालू आहे. घरगुती सांडपाणी व पावसाचे पाणी पिण्याच्या विहिरींच्या बाजूस मुरवले जाते, तर औद्योगिक व अधिक खारे पाणी वेगळे ठेवून समुद्राच्या बाजूस सोडले जाते. पाण्याची उगमापाशीच वर्गवारी करण्याचे हे चांगले उदाहरण आहे.
* '''तोरेले, बेल्जियम''' : २००२ पासून परासरणाने शुद्ध केलेले पाणी किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्यांत मुरवून नंतर पिण्यासाठी उपसले जाते.
* '''पर्थ, ऑस्ट्रेलिया''' : तीन वर्षांच्या चाचणीनंतर २०१७ मध्ये वर्षाला १४ अब्ज लीटर क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला, पुढे त्याची क्षमता दुप्पट करण्यात आली.

== भारत : कोलार जिल्हा ==

भारतातील सर्वांत मोठा प्रयोग कर्नाटकात झाला. कोलार जिल्ह्यात बारमाही नदी नाही. जुन्या तलावांची साखळी कोरडी पडल्याने तेथील शेती कूपनलिकांवर अवलंबून राहिली आणि त्या हजार फुटांहून खोल न्याव्या लागल्या. बंगळूर शहराच्या कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातील प्रक्रिया केलेले, दिवसाला ४४ कोटी लीटर सांडपाणी जलवाहिन्यांनी कोलारकडे नेऊन तेथील शंभराहून अधिक तलाव भरण्याची योजना आखण्यात आली. जून २०१८ मध्ये पहिले पाणी लक्ष्मीसागर तलावात पोहोचले. तलावांतून थेट उपसा करू नये आणि पाणी मुरून विहिरींना यावे, अशी कल्पना होती.

पुढच्याच महिन्यात पाण्यावर फेस आढळल्याने पुरवठा थांबवावा लागला. हे पाणी केवळ द्वितीय टप्प्यापर्यंतच शुद्ध केलेले आहे आणि विहिरींवर अवलंबून असलेल्या लोकांच्या आरोग्याला त्यापासून धोका आहे, असा आक्षेप घेऊन काही नागरिक न्यायालयात गेले. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. दोन्ही ठिकाणी काही काळ स्थगिती मिळाली आणि नंतर योजना पुन्हा चालू झाली. भरलेल्या तलावांच्या परिसरात भूजल पातळी वाढल्याचे आणि बंद पडलेल्या विहिरींना पाणी आल्याचे भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी नोंदवले आहे. तृतीय टप्प्याची प्रक्रिया करावी, ही मागणी मात्र कायम राहिली. वर्षानुवर्षे कोरड्या विहिरी पाहिलेल्या शेतकऱ्याला पाणी हवे आहे आणि त्याच विहिरीचे पाणी पिणाऱ्या कुटुंबाला ते निर्धोक हवे आहे. या दोन्ही मागण्या एकाच घरातील असू शकतात, हे या वादाचे वैशिष्ट्य आहे.

== महाराष्ट्राच्या संदर्भात ==

ऑरेंज काउंटी किंवा शाफदान येथील यश वाळू-खडीच्या जाड थरांवर आधारलेले आहे. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाने व्यापलेला असून तेथील परिस्थिती वेगळी आहे. या खडकात पाणी साठते ते वरच्या कुजलेल्या थरात, मुरुमात आणि खडकातील भेगा-सांध्यांत. भूजलाचा अंदाज बांधताना कुजलेल्या व भेगाळ बेसाल्टची पाणी देण्याची क्षमता साधारण २ टक्के, तर वाळूमिश्रित गाळाची १६ टक्के धरली जाते. म्हणजे शंभर घनमीटर बेसाल्टमधून सुमारे २ घनमीटर, तर तेवढ्याच गाळातून सुमारे १६ घनमीटर पाणी मिळते.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली म्हणजे पावसाळ्यानंतर हा उथळ जलधर लवकर भरतो आणि आणखी पाणी घेण्यास त्यात जागा उरत नाही. जागा होते ती हिवाळ्याच्या अखेरीपासून पुढे. बारमाही सांडपाण्याचा उपयोग याच काळात होऊ शकतो. दुसरी गोष्ट अधिक काळजीची आहे. भेगांमधून पाणी वेगाने धावते आणि वाळूसारखे गाळले जात नाही. तलावात सोडलेले अर्धवट शुद्ध पाणी खालच्या अंगाच्या गावातील आडापर्यंत तुलनेने थोड्या काळात पोहोचू शकते. म्हणून कठीण खडकाच्या प्रदेशात जमिनीच्या गाळणीवर विसंबून चालत नाही आणि शुद्धीकरणाचा अधिक भार यंत्रणेलाच उचलावा लागतो.

तापी-पूर्णा खोऱ्यातील जाड गाळाचा प्रदेश पुनर्भरणास त्या मानाने अनुकूल आहे. त्यातही अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात मूळचे भूजलच खारे असल्याने मुरवलेले गोडे पाणी त्यात मिसळून वाया जाण्याची शक्यता लक्षात घ्यावी लागते. समुद्रापासून दूर असलेल्या शहरांपुढे आणखी एक अडचण आहे. परासरणातून उरणारे क्षारयुक्त पाणी किनाऱ्यावरील केंद्र समुद्रात सोडू शकते. नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरसारख्या शहराला ती सोय नाही.

राज्यात सांडपाण्याच्या पुनर्वापराचा भर आतापर्यंत प्रामुख्याने उद्योगांवर राहिला आहे. नागपूर शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडी व खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रांना दिले जाते. तेवढे गोडे पाणी त्यामुळे वाचते आणि जलधरात दूषित पाणी जाण्याचा धोका राहत नाही. खेड्यांत घरोघरच्या शोषखड्ड्यांतून न्हाणीचे व भांडी घासण्याचे पाणी मुरवले जाते, हेही लहान प्रमाणावरील पुनर्भरणच होय. शौचालयाचे पाणी त्यात न मिसळणे आणि खड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून दूर असणे, या त्याच्या आवश्यक अटी आहेत. वापरात नसलेल्या कूपनलिकेत किंवा विहिरीत सांडपाणी थेट सोडणे मात्र सर्वथा अयोग्य आहे. तेथे मातीची गाळणी पूर्णपणे टळते आणि घाण सरळ जलधरात उतरते.

== देखरेख ==

दूषित झालेली नदी प्रदूषण थांबल्यावर काही काळात वाहत्या पाण्याने सुधारू शकते. जलधरातील पाणी अतिशय मंद गतीने हलत असल्याने तो एकदा बिघडला की सुधारण्यास दशके लागू शकतात. म्हणून नियमांमध्ये वेळेला महत्त्व दिलेले असते. कॅलिफोर्नियाच्या २०१४ च्या नियमांनुसार सांडपाणी गटारात आल्यापासून विहिरीतून उपसले जाईपर्यंत त्यातील विषाणूंचे प्रमाण मूळच्या एक लाख कोटीव्या भागापर्यंत घटले पाहिजे. पाण्याने जमिनीखाली काढलेल्या प्रत्येक महिन्याचे काही श्रेय या हिशेबात धरले जाते. शुद्धीकरणात बिघाड झाल्यास तो लक्षात येऊन उपाय करता यावा, यासाठी पाणी किमान दोन महिने जमिनीखाली राहिलेच पाहिजे, अशीही अट आहे.

याकरिता पुनर्भरणाची जागा आणि पिण्याच्या विहिरी यांच्यामध्ये निरीक्षण विहिरी असाव्या लागतात. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून कार्यरत आहे आणि निरीक्षण विहिरींतील पाण्याच्या पातळीची नियमित नोंद ठेवते. सांडपाण्याच्या पुनर्भरणात पातळीइतकीच रासायनिक व जैविक तपासणीही वारंवार करावी लागते. शिवाय कारखान्यांचे सांडपाणी शहराच्या गटारात मिसळू न देणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. जे रसायन गटारात गेलेच नाही, ते पुढे काढावे लागत नाही.

== लोकमत ==

सांडपाण्याविषयी वाटणारी किळस स्वाभाविक आहे आणि अनेक प्रकल्प तांत्रिक कारणांऐवजी तिच्यामुळे थांबले आहेत. लॉस एंजेलिस येथे बांधून तयार झालेला ईस्ट व्हॅली प्रकल्प 'शौचालयातून नळात' या अर्थाच्या घोषणेखाली झालेल्या विरोधामुळे २००० मध्ये बंद करावा लागला. ऑरेंज काउंटीने याउलट बांधकामाच्या कितीतरी आधीपासून शाळा, रुग्णालये, डॉक्टर आणि नागरिक संघटना यांच्यापुढे माहिती मांडली, केंद्र पाहण्यासाठी खुले ठेवले आणि तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. जमिनीखालील पाणी कोणाला दिसत नाही. ते पिणाऱ्याचा विश्वास तपासणीच्या उघड्या नोंदींवरच उभा राहतो आणि त्या नोंदी मागण्याचा अधिकार त्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या प्रत्येकाचा आहे.